पुढच्या चाकांचा कोन : भाग विकत घेण्याआधी

छत्रपती संभाजीनगर गाड्या बनवणारं शहर आहे, पण गाडी मनासारखी पळवायची तर इथल्या माणसाला गाव सोडावं लागतं. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, दुचाक्यांचे फोर्क आणि शॉकॲब्सॉर्बर बनवणारी एन्ड्युरन्स इथलीच, आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोव्हेंबर २००१ पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. त्या ऑक्टाव्हियाची आरएस ही तडफदार बहीण २००४ मध्ये भारतात आली, २०१७ मध्ये नव्या रूपात २३० अश्वशक्ती घेऊन परतली, आणि २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या फक्त २०० गाड्या थेट आयात होऊन आल्या. घरच्यांना घेऊन शिर्डीला जाता येईल आणि वर्षातून काही वेळा रेसट्रॅकवरही उतरवता येईल, अशी गाडी हवी असणाऱ्यांच्या मनात ही आरएस अजून घर करून आहे. ट्रॅक मात्र लांब आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा कारी, ग्रेटर नोएडाचा ५ किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा बुद्ध सर्किट; यांतला कुठलाही हजार किलोमीटरच्या आत नाही. गाडी ट्रकवर चढवणं बहुतेकांना परवडत नाही. ती स्वतःच्या चाकांवर जाते, दिवसभर ट्रॅकवर तापते आणि पुन्हा स्वतःच्याच चाकांवर परत येते. ही पुस्तिका अशा गाडीसाठी आहे, आणि तिच्या पुढच्या सस्पेन्शनमधला कॅम्बर बदलणारे भाग कसे निवडावेत एवढाच तिचा विषय आहे.

बाजारात हे भाग अंशांवर विकले जातात. हा दीड अंश देतो, तो तीन अंश देतो, म्हणून दुसरा चांगला, असा हिशेब असतो. माझं म्हणणं वेगळं आहे. अशा दुहेरी आयुष्याच्या गाडीत किती अंश मिळतात हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी दोन प्रश्न विचारावे लागतात. लावलेला कोन खड्ड्याचा दणका बसल्यावर आणि जोरात ब्रेक दाबल्यावर जिथल्या तिथे राहतो का? आणि तो बदलून पुन्हा आधीच्या जागी आणायचा झाला, तर नेमका तिथेच येतो का? या दोन्ही कसोट्यांवर उतरलेला एक अंशाचा भाग न उतरलेल्या तीन अंशांच्या भागापेक्षा उपयोगाचा, असं मी मानतो. त्याची कारणं यंत्रातच आहेत.

आधी कोनाची गरज का पडते ते पाहू. चाक समोरून पाहिलं आणि त्याचा माथा गाडीच्या आतल्या बाजूला कललेला दिसला की कॅम्बर उणा. ऑक्टाव्हियाच काय, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून रूढ झालेली ही रचना स्वस्त आहे, जागा कमी घेते आणि इंजिन आडवं बसवायला मोकळीक देते. तिचा एक दोष मात्र जन्मजात आहे. वळणावर बाहेरचं चाक दबतं तेव्हा ते आतल्या बाजूला फारसं कलत नाही, आणि गाडीचा सांगाडा मात्र बाहेरच्या बाजूला झुकतो. समजा उभ्या गाडीचा कॅम्बर उणे अर्धा अंश आहे, जोरदार वळणावर सांगाडा साडेतीन अंश झुकला आणि सस्पेन्शनने त्यातला एकच अंश भरून काढला. मग ज्या टायरवर सगळा भार आलेला असतो तो रस्त्याशी अधिक दोन अंशांत उभा राहतो, म्हणजे बाहेरच्या खांद्यावर. बुद्ध सर्किट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतं आणि त्याच्या दहाव्या-अकराव्या वळणांचा लांबलचक उजवा वळसा डाव्या पुढच्या टायरला दीर्घकाळ रगडतो. तिथून परतलेल्या रस्त्यावरच्या गाडीचा तो टायर पाहिला की वेगळं मोजमाप लागत नाही. बाहेरची कड गोळा होऊन सोललेली असते आणि आतल्या बाजूच्या खोबणी अजून नव्यासारख्या असतात.

अधिक नेमका पुरावा हवा असेल तर तो तापमानाचा. गाडी पिटमध्ये येताच, टायर थंड व्हायच्या आत, सुई घुसवायच्या तापमापकाने रबराच्या आत तीन जागी मोजायचं: आतली कड, मध्य आणि बाहेरची कड. बाहेरची कड सगळ्यात तापलेली असेल तर कॅम्बर कमी पडतो आहे. आतली थोडी जास्त तापलेली असेल तर ठीक चाललं आहे. नुसत्या इन्फ्रारेड बंदुकीने पृष्ठभाग मोजला तर शेवटच्या सरळ पट्ट्यावर तो किती थंड झाला तेवढंच कळतं. तीन आकडे वहीत उतरवून घेतल्याशिवाय कॅम्बरचा कुठलाही भाग विकत घेऊ नये, हे मी हट्टाने सांगेन. गरज दोन अंशांची आहे की तीन, हे त्या गाडीचे, त्या टायरचे आणि त्या चालवणाऱ्याचे आकडेच सांगतात. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उसना घेण्यात अर्थ नाही.

आता भागांकडे वळू. स्ट्रटच्या गाडीत कोन तीन जागी बदलता येतो: वर, जिथे स्ट्रट बॉडीला बसतो, मध्ये, जिथे स्ट्रट नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, जोडलेला असतो, आणि खाली, लोअर आर्म किंवा त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटपाशी. या तिन्ही जागांची भूमिती सारखी नाही, आणि सगळी निवड इथेच ठरते. मधल्या जोडाचा विचार करा. स्विफ्ट, होंडा सिटी यांसारख्या गाड्यांत स्ट्रट दोन बोल्टांनी नकलला धरलेला असतो. त्यातला एक काढून त्या जागी लंबवर्तुळी गोटा असलेला कॅम्बर बोल्ट घालायचा आणि फिरवला की चाक कलतं. काम तासाभराचं, खर्च सगळ्यात कमी. पण त्या दोन बोल्टांमधलं अंतर सुमारे ६० मिलीमीटर धरलं, तर एक अंशासाठी सरकावं लागतं जेमतेम १ मिलीमीटर. म्हणजे जोड अर्धा मिलीमीटर घसरला की अर्धा अंश गेला. त्यात गोटा बसवण्यासाठी बोल्टाची दांडी मूळ बोल्टापेक्षा बारीक करावी लागते, त्यामुळे ताण धरण्याची ताकद कमी होते. आणि कोन त्या गोट्याने धरलेला असतो हा गैरसमज आहे. तो धरून ठेवतं दोन पत्र्यांमधलं घर्षण, जे बोल्टाच्या ताणावर अवलंबून असतं. गोटा फक्त जागा दाखवतो. बीड बायपासवरच्या एका खड्ड्यात चाक आपटलं आणि जोड केसभर सरकला, तर चालवणाऱ्याला फक्त स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढतंय एवढंच जाणवेल.

वरच्या जोडाचा हिशेब पाहिला की फरक डोळ्यांत भरतो. वरचं माउंट आणि खालचा बॉल जॉइंट यांच्यातलं अंतर ६०० मिलीमीटर धरा. एक अंशासाठी वरचं टोक साडेदहा मिलीमीटर आत न्यावं लागतं. म्हणजे मधल्या जोडात ज्या अर्ध्या मिलीमीटरने अर्धा अंश जातो, तो वर घडला तर बिघडतो अंशाचा विसावा भाग. चूक तेवढीच, परिणाम दहा पटींनी कमी. शिवाय मूळ माउंटच्या जागी बसणाऱ्या, स्ट्रटचं टोक सरकवू देणाऱ्या कॅम्बर प्लेटवर मिलीमीटरच्या खुणा कोरलेल्या असतात. ट्रॅकवर चौथ्या खुणेवर आणि घरी परतताना पहिल्या खुणेवर असं ठरवलं तर ते पार्किंगमध्ये गाडी जॅकवर घेऊन करता येतं, आणि कोन जिथे हवा तिथेच येतो. माझ्या दोन्ही कसोट्यांवर वरचा जोड निर्विवाद पुढे आहे. कॅम्बर बोल्टाच्या बाजूने एक मात्र मान्य केलं पाहिजे. तो नकलच कलवतो, स्ट्रट आणि बॉल जॉइंट यांना जोडणारा स्टिअरिंगचा अक्ष जागचा हलत नाही. प्लेटने वरचं टोक आत नेलं की तो अक्षही तेवढाच कलतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर दोन्ही चाकांचा कॅम्बर थोडा अधिककडे सरकतो. म्हणून प्लेट घ्यायचीच तर जिच्यात टोक थोडं मागेही नेता येतं, म्हणजे कॅस्टर वाढवता येतो, ती घ्यावी. कॅस्टरमुळे वळताना बाहेरच्या चाकाला उणा कॅम्बर मिळतो आणि गेलेलं बरंचसं परत येतं. उलट बोल्टाने चाकाचा माथा स्ट्रटकडे सरकतो, आणि रुंद टायर लावलेल्या गाडीत टायर आणि स्ट्रट यांच्यातली आधीच बोटभर असलेली फट आणखी कमी होते.

ऑक्टाव्हियाच्या मालकांसाठी ही चर्चा अर्धी आपोआप मिटते. या गाडीत दोन बोल्टांचा जोड मुळात नाहीच. स्ट्रटची नळी नकलच्या चिरलेल्या कड्यात वरून घुसते आणि एक आडवा बोल्ट ते कडं आवळतो. काढायचं झालं तर त्या चिरेत हत्यार घालून कडं किंचित फाकवावं लागतं, नाहीतर हातोड्याने ठोकत बसावं लागतं. आणि तिथला कोन मोजून ताणायचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, हे अनेक गॅरेजांत विसरलं जातं. म्हणून अलाइनमेंटवाला ‘साहेब, हिच्यात कॅम्बर ॲडजस्ट होत नाही’ असं म्हणतो, तेव्हा तो आळस करत नसतो, खरं सांगत असतो. पुढची सबफ्रेम तिच्या बोल्टांच्या फटीपुरती डावी-उजवीकडे सरकते खरी, पण त्यातून एका बाजूला मिळालेला कोन दुसऱ्या बाजूने वजा होतो. डावा-उजवा फरक मिटवायला ती युक्ती फुकट आणि उत्तम आहे. वाढीव कोन हवा असेल तर वरचं माउंट किंवा खालचा आर्म, याशिवाय मार्ग नाही. आणि वरही बॉडीतल्या, स्ट्रट बसतो त्या टॉवरच्या भोकाच्या काठापर्यंतच जाता येतं, हे जाहिरातीतल्या अंशांच्या आकड्याने हुरळून जाण्याआधी मोजून पाहावं.

खालच्या जोडाने, म्हणजे लांब आर्मने किंवा बाहेर सरकवलेल्या बॉल जॉइंटने, चाकाचा तळ बाहेर जातो. पुढची रुंदी थोडी वाढते आणि तो फायदाच आहे. पण इंजिन पुढची चाकं फिरवत असेल तर चाकापर्यंत जाणारा शाफ्टही तेवढाच बाहेर ओढला जातो आणि त्याच्या आतल्या जॉइंटची सरकायची जागा खाल्ली जाते. त्याहून मोठी हरकत धुळीची आहे. बहुतेक महागड्या आर्मना रबरी बुशऐवजी उघडा गोलाकार बेअरिंग असतो. मराठवाड्यातला उन्हाळा, जून-जुलैचा काळ्या मातीचा चिखल आणि हजार किलोमीटरचा महामार्ग, एवढं सगळं चाकामागे उघड्यावर बसलेल्या त्या बेअरिंगने सोसायचं. एका पावसाळ्यात त्याला खेळ आला तर ज्या नेमकेपणासाठी तो घेतला तोच गेला. वरच्या माउंटचं बेअरिंगही गोलाकारच असतं, पण ते बॉनेटखाली, चाकाच्या फवाऱ्यापासून दूर असतं. खालचा जोड मला एकाच परिस्थितीत योग्य वाटतो: गाडी स्प्रिंग बदलून खाली बसवली आहे, आर्म बॉल जॉइंटकडे वर चढलेले दिसत आहेत, आणि त्यामुळे दबताना मिळणारा थोडाफार कॅम्बरही हरवला आहे. तिथे उंच मानेचा बॉल जॉइंट आर्मना पुन्हा आडवं करतो. हा भाग कॅम्बरसाठी विकला जात असला तरी खरं काम भूमिती दुरुस्त करण्याचं करतो.

वरच्या जोडाच्या या निवडीवर पहिला आक्षेप इथे हमखास येणारा आहे. वाळूजमध्ये सीएनसी मशीन गल्लोगल्ली आहेत. ॲल्युमिनियमची प्लेट कुणीही कापून देईल, मग परदेशी प्लेटला दामदुप्पट का द्यायचं? प्लेट खरंच इथे उत्तम निघेल. प्रश्न प्लेटचा नाहीच. स्ट्रटच्या माथ्यावर गाडीच्या त्या कोपऱ्याचा भार स्प्रिंगमार्फत येतो, आणि स्टिअरिंग वळवताना स्प्रिंगला गोल फिरावंही लागतं. स्प्रिंगच्या आसनाखाली थ्रस्ट बेअरिंग नसेल तर स्प्रिंग पिळते, अडकते, मग एकदम सुटते; स्टिअरिंगमध्ये टकटक जाणवते आणि परत सरळ येताना ते अडखळतं. म्हणून स्थानिक प्लेट करायचीच असेल तर पैसा धातूवर कमी आणि बेअरिंगवर जास्त घालावा, आणि बेअरिंग प्रमाणित मापाचं निवडावं, म्हणजे ते झिजलं की दुकानातून दुसरं आणता येईल. या अटीवर इथली प्लेट आयात केलेल्या प्लेटपेक्षा कमी नाही. सुटे भाग हाताशी मिळतात म्हणून कदाचित बरीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याला कोन मागेपुढे करण्याची ही यातायात कशाला? हे मला पटतं, आणि त्याचं उत्तर माझ्याच कसोटीतून निघतं. अशा माणसाने सरकणारा भाग घेऊच नये. ज्याचं भोक मुळातच आत सरकवलेलं असतं असं स्थिर माउंट घ्यावं, एक-दीड अंश कायमचा घ्यावा आणि विसरावं. जे सरकतच नाही ते घसरतही नाही. ट्रॅकला गंभीरपणे घेणाऱ्या उत्पादकांची वाटही याच्या जवळ जाते. लोटस एलिझमध्ये पुढचा कॅम्बर पातळ शिम काढून-घालून ठरतो. पोर्शच्या ९११ जीटी३ मध्ये लोअर आर्म दोन तुकड्यांचा असतो आणि मधल्या शिमच्या जाडीवर कोन ठरतो. शिमला घसरायची सोयच नाही. वहीत २ मिलीमीटर लिहिलं की तो कोन कधीही परत मिळतो. बदलायला वेळ लागतो, आणि तरी त्यांनी तीच पद्धत निवडली, यावरून टिकण्याला ते किती किंमत देतात हे कळतं.

टायर लवकर झिजतील ही भीती सगळ्यांनाच असते, आणि ती बऱ्याच अंशी चुकीच्या आरोपीवर आहे. उणे दोन अंशांपर्यंतचा कॅम्बर आतली कड हळूहळू खातो हे खरं, पण टायर खरा संपवतो टो, म्हणजे वरून पाहिल्यावर दिसणारा चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन. चाक सरळ दिशेपासून पाव अंश वळलेलं असेल तर ते दर किलोमीटरला ४ मीटरहून अधिक आडवं घासलं जातं. चेन्नईपर्यंतच्या प्रवासात हे घासणं ४ किलोमीटरच्या वर जातं. आणि कॅम्बर कुठेही बदलला की टो बदलतोच, कारण टाय रॉडची लांबी तेवढीच राहते. म्हणजे कोन बदलून टो न तपासता घरी निघालेला माणूस मग दोष कॅम्बरला देतो. समृद्धी महामार्गासारख्या सरळ काँक्रीट रस्त्यावर उण्या कॅम्बरला बक्षीस काहीच नाही, उलट सरळ ब्रेक मारताना टायरचा पूर्ण माथा जमिनीवर नसतो. म्हणून घरच्या खुणेवर परत येता येणं सोयीपुरतं राहत नाही, त्यात सुरक्षाही आहे. दोन खुणांसाठी टाय रॉडचे फेरे आधीच मोजून लिहून ठेवावेत.

जाड अँटी-रोल बार आणि कडक स्प्रिंग टाकून झुकणंच कमी केलं तर कॅम्बर लागणारच नाही, असंही म्हटलं जातं. गरज कमी होईल, संपणार नाही. टायर स्वतःही बाजूला दुमडतो. आणि काळ्या मातीवर बांधलेले, पावसागणिक लाटा धरणारे आपले रस्ते कडक स्प्रिंगला टायर जमिनीवर टेकवू देत नाहीत. त्याआधी एक साधी गोष्ट बघायची असते, आणि ती फार जण वगळतात. २०१७ ची गाडी आता वयाने मोठी झाली आहे. तिच्या लोअर आर्मच्या मागच्या बुशचं रबर फाटलेलं असेल तर ब्रेक दाबताच चाक मागे ढकललं जातं, आणि कॅस्टर, टो, कॅम्बर सगळंच हलतं. अशा गाडीवर प्लेट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. बुश, बॉल जॉइंट, माउंट नवे, मग टायरचे तीन आकडे, मग भाग; हा क्रम मोडून चांगला निकाल लागताना दिसत नाही.

कायद्याचं एवढंच: मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. कॅम्बरचा आकडा आरसी बुकात नसतो, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा आणि मूळ माउंट फेकून देऊ नयेत.

पुढची प्रकरणं याच क्रमाने येतात. पहिलं जुन्या बुश आणि जॉइंटच्या तपासणीचं, दुसरं टायर वाचण्याचं, आणि त्यानंतर वरचा, मधला, खालचा असे तीन जोड. वरच्या जोडाला दिलेली पानं उरलेल्या दोघांच्या बेरजेहून जास्त आहेत, आणि ते जाणूनबुजून केलं आहे. दुहेरी विशबोनच्या गाड्यांना एकच छोटं प्रकरण पुरलं, कारण त्यांत बहुधा उत्पादकानेच फिरवायचा बोल्ट किंवा शिम दिलेला असतो. मोजमापांची कोरी पानं शेवटी आहेत. ती भरताना पेट्रोलची टाकी किती भरलेली होती आणि चालकाच्या जागी वजन ठेवलं होतं की नाही, हेही लिहावं. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस बसला की गाडी त्या बाजूला खाली बसते आणि रिकाम्या गाडीवर काढलेला आकडा ट्रॅकवरचा आकडा राहत नाही.